चौतीस पॉइंट सहा

आता जे सांगायचं आहे त्यावर तुमच्यापैकी कुणीही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फाट्यावरच्या या बाकावर आजवर पुष्कळ गोष्टी सांगून झाल्या. विहिरीतून शिंगांना दिवे बांधून निघालेला बैल झाला, घाटात रिकामीच उलटी चढत गेलेली जीप झाली. लोकांनी ऐकल्या, हसले, चहाचा कप खाली ठेवला आणि एसटीत बसून गेले. त्या सगळ्या थापा होत्या. ही खरी आहे, आणि नेमकी हीच कुणाच्या गळी उतरत नाही. नगरची गाडी अकराला येते. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असलं तरी कंडक्टर दारात उभा राहून अजून नगर, नगर असंच ओरडतो. अजून तासभर आहे. त्या टोकाला ओढणी लपेटून बसलेल्या ताई, जरा अलीकडं सरका, तिथवर ऐकू यायचं नाही. नाही सरकायचं? बरं, राहू द्या.

रस्त्यापलीकडं ती पत्र्याची लांब इमारत दिसते ना, ती शाळा. तिच्या डाव्या टोकाला जाळीच्या खिडकीची खोली आहे, ती प्रयोगशाळा. तिथं तीस वर्षं गहिनीनाथ नावाचा परिचर होता. सगळी शाळा त्याला मामा म्हणायची. माणूस सोन्यासारखा, कामाला वाघ, तरुणपणी दिसायलाही बरा होता म्हणतात. पण त्याची तारीफ करत बसलं तर गाडी निघून जाईल.

मामाजवळ लाल पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात प्रत्येक प्रयोगाचं बरोबर उत्तर लिहिलेलं. कुण्या जुन्या सरांनी एकदा खरोखर प्रयोग करून ते लिहिलं होतं, त्यानंतर कुणाला करायची गरजच पडली नाही. परीक्षा जवळ आली की वही वर्गात फिरायची आणि पोरं उतरवून घ्यायची. त्यामुळं या शाळेत पाणी तीस वर्षं अठ्ठ्याण्णव पॉइंट दोनवरच उकळलं, भर उन्हाळ्यातही आणि थंडीतही. बाहेरचे परीक्षक दारात आले की मामा हात जोडून म्हणायचा, "झालं सर, समदे प्रयोग झाले." आधी उत्तर, मग प्रयोग. तोही वेळ उरला तर.

अशा शाळेत अश्विनी बाई आल्या.

बाई नगरजवळच्या भिंगारच्या. वडील लष्कराच्या डेपोत सामान मोजून घेणारे कारकून. घरात कुणी 'साधारण चारएक किलो' म्हटलं तर वडील वजनकाटा पुढं सरकवायचे. तिथं वाढलेल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात लाल वही वाचली, मिटली आणि कपाटावर टाकली. "मामा, यापुढं जे दिसेल तेच लिहायचं." मामा म्हणाला, "व्हय बाई." मामाला व्हय म्हणायला कधी जड गेलं नाही.

त्याच दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका संस्थेनं शाळेला करड्या रंगाची पेटी दिली. आत एक लॅपटॉप आणि चार सेन्सर. एक आम्लता मोजायचा, एक वायूचा दाब मोजायचा, एक पाण्यातले क्षार दाखवायचा आणि एक तापमानाचा. हा तापमानाचा म्हणजे बोटाएवढी स्टीलची दांडी, मागं लांब वायर. दांडी कशातही बुडवायची आणि पडद्यावर रेघ आपोआप सरकताना बघायची. पोरांनी घरून ताक आणलं, चिंचेचं पाणी आणलं, बोअरचं खारट पाणी आणलं. लिटमस कागद निळा झाला की लाल यावर भांडणारा वर्ग चिडीचूप बसून रेघ बघायला लागला. यंत्राला सगळं तारीखवार ठाऊक असायचं. कोणत्या पोरानं, कोणत्या वेळी, किती सेकंद. लाल वहीचा खेळ खलास.

पहिल्या दिवशी बाईंनी सोपा प्रयोग घेतला. एकेकाचं नाव यादीत टाकायचं, दांडी त्याच्या मुठीत द्यायची आणि एक मिनिट धरायची. रेघ वर चढायची आणि तेहेतीस-चौतीसच्या आसपास सपाट व्हायची. आपल्या नावापुढं आपलीच ऊब बघून पोरं लाजत होती.

शेवटी राजेश्वरी आली. नववीतली, डावखुरी, काटकुळी पोर. आईबाप दरसाल ऊसतोडीला कोपरगावकडं जायचे आणि ही आजीजवळ राहायची. आषाढात आजी गेली. आता घरात मागं राहायला माणूसच नव्हतं, म्हणून औंदा तीही निघाली होती. फाटकाबाहेर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, बाजा, कोंबड्यांची खुराडी, आणि वर बसलेली माणसं.

तिनं डाव्या मुठीत दांडी धरली. रेघ चौतीस पॉइंट सहावर थांबली. मग तिनं मूठ दोनदा गच्च दाबली, आणि रेघेवर दोन बारीक उंचवटे उमटले.

"बाई, दोनदा दाबलं की समजायचं, राजेश्वरी हाय."

"तिकडं उसाला दाबत बस आता," मागून कल्याण म्हणाला. वर्ग हसला. तीही हसली. बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, तशी दांडी टेबलावर टाकून ती पळाली. दारातून मात्र परत वळली.

"माझं नाव पुसू नका बाई. चैतात येते मी."

"नाही पुसत. येशील तेव्हा इथूनच पुढं."

बाई खिडकीतून ट्रॅक्टर जाताना बघत राहिल्या. मग लॅपटॉप मिटला आणि घंटा झाली. थांबवा असं लिहिलेलं बटण दाबायचं राहून गेलं. एवढीशी चूक.

डिसेंबरात मुख्याध्यापक सूर्यभान सरांनी बाईंना बोलावलं. दर शनिवारी यंत्रातल्या नोंदी पुण्याला जायच्या, आणि सात नावं दिवाळीपासून कोरी होती. सातही पोरं तोडीवर गेलेली.

"संस्थेचा फोन होता," सर म्हणाले. "नोंदी नसतील तर पेटी दुसऱ्या शाळेला देणार म्हणतात. तेवढ्या भरून टाका."

"पोरं नाहीत सर. कुणाच्या भरू?"

"दरसाल तरी कोण असतं बाई? मामाला विचारा."

दारात मामा उभाच होता. "आकडं मी सांगतो बाई. बर्फाचं शून्य, उकळत्या पान्याचं अठ्ठ्यान्नव पॉइंट दोन. डोळं झाकून."

बाईंनी तीन आठवडे टाळलं. पण बाकीच्या पोरांचा जीव त्या पेटीत अडकला होता. शेवटी एका मंगळवारी, वर्ग खेळाच्या तासाला मैदानावर असताना, त्यांनी चहाच्या टपरीतल्या फ्रीजमधला बर्फ मागवला, चंचुपात्रात ठेवला, दांडी बुडवली आणि एकेक नाव उघडलं. निदान आकडा तरी खरा असेल, अशी मनाची समजूत घातली. अकरा वाजले होते. सहा नावांची रेघ शून्याजवळ जाऊन निमूट झोपली.

सातवं नाव उघडलं तेव्हा पडद्यावर चौकट आली. 'अपूर्ण नोंद सापडली. पुढे चालू ठेवायची?'

बाईंनी 'होय' दाबलं.

रेघ शून्यावर गेली नाही. ती चौतीस पॉइंट सहावर सुरू झाली आणि तिथंच राहिली. दांडी बर्फात होती. बाईंनी पात्राला हात लावला, बोटं बधिर झाली. त्यांनी दांडी आणखी खाली दाबली. रेघ हलली नाही.

मग तिच्यावर दोन बारीक उंचवटे उमटले.

बाई खुर्चीत मागं सरकल्या. मैदानावरून कबड्डीचा आवाज येत होता. बर्फाचा तुकडा कडकन तडकला तेव्हा त्या दचकल्या, आणि दचकल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या. जुनी साठवलेली रेघ यंत्र पुन्हा दाखवत असणार. त्यांनी लॅपटॉप बंद करून सुरू केला. वायर दुसऱ्या खाचेत घातली. कल्याणचं नाव उघडलं, रेघ सरळ शून्यावर आली. पुन्हा राजेश्वरीचं उघडलं. चौतीस पॉइंट चार. काही क्षण गेले आणि दोन उंचवटे.

चौतीस पॉइंट चार. जुनी रेघ असती तर सहाच दाखवली असती.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आकडा थोडा खाली-वर व्हायचा. गारठा पडला त्या दिवशी एकतीसवर आला, ऊन चढलं त्या दिवशी पस्तीसला टेकला. दांडी कधी नळाच्या पाण्यात असायची, कधी नुसती टेबलावर. रोज अकराला बाई नाव उघडायच्या, होय म्हणायच्या आणि वाट बघायच्या. दोन उंचवटे आले की त्यांच्या छातीतला श्वास सुटायचा. यंत्रात दोष आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तसं त्यांनी संस्थेच्या इंजिनिअरला लिहूनही टाकलं होतं. आणि तरी एके दिवशी हजेरीपट घेताना त्यांचा हात राजेश्वरीच्या नावापुढं थांबला आणि त्यांनी तिथं हजर मांडलं. नंतर रोजच मांडलं. मामानं ते पाहिलं. मामाच्या नजरेतून काही सुटत नसे, पण बोलला नाही. अखेर बाई आपल्या वाटेनं आल्या, असंच त्याला वाटलं असणार.

बुधवारी इंजिनिअरचं उत्तर आलं. दोन ओळींचं. दांडी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. रेघ वर गेली नाही तर सेन्सर खराब आहे, बदलून देऊ.

गुरुवारी अकराला बाईंनी तसं केलं. शेगडीवर पाणी खळखळत होतं, काचेच्या तापमापीत अठ्ठ्याण्णव दिसत होते. त्यांनी राजेश्वरीचं नाव उघडलं, दांडी सोडली आणि घड्याळ लावलं.

रेघ वर गेली नाही.

ती थरथरली. मग तिच्यावर उंचवटे यायला लागले. दोन नव्हे. दहा, बारा, वीस. एकमेकांना चिकटून, एकाच्या अंगावर एक, जसं कुणी दार बडवावं. बाईंनी वहीत लिहिलं, 'सिग्नलमध्ये गडबड.' पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. घड्याळ वाजल्यावर त्यांनी दांडी काढली, पुसली आणि इंजिनिअरला कळवलं की सेन्सर खराब आहे.

शुक्रवारी नाव उघडलं तर आकडा एकोणचाळीसवर होता. रेघ सपाट, एकही उंचवटा नाही. बाई दहा मिनिटं थांबल्या. मग तास संपेपर्यंत थांबल्या. दांडी टेबलावर होती, गार. एकोणचाळीस म्हणजे घरच्या तापमापीतले एकशे दोन, आणि ते काय असतं हे घरात तान्हं मूल असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

ऑफिसात बाहेरगावी गेलेल्या पोरांचं रजिस्टर होतं. त्यात टोळीच्या मुकादमाचा, वैजनाथचा, नंबर होता. बाईंनी फोन लावला.

"राजेश्वरी व्हय? बरी हाय की," पलीकडून उसाच्या फडावरच्या गोंधळात आवाज आला. "हात भाजलाय जरासा. चुलीवर. तापबी हाय. पोरीच्या जातीला लक्ष नको का द्यायला."

"कोणता हात?"

"डावा."

"कधी भाजला?"

"काल. न्याहारी उरकून आमी फडात आल्तो. अकराचा सुमार."

बाईंनी फोन ठेवला. तडक प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी दांडी कापसात गुंडाळली आणि खणात ठेवली. थांबवा हे बटण समोर होतं. बोट त्याच्यापर्यंत गेलं आणि मागं आलं. जी रेघ तीन आठवडे त्या बघत होत्या ती बंद केली तर तिकडं काय बंद होईल, हे सांगणारं पुस्तक त्यांच्याजवळ नव्हतं. आधी पोरीला बघायचं, मग काय ते, असं ठरवून त्यांनी लॅपटॉप तसाच मिटला. शाळेच्या कार्यक्रमाचे पाहुणे सोमवारी यायचे होते, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि मामाला म्हणाल्या, "मी येईपर्यंत या खणाला कुणीही हात लावायचा नाही. काहीही झालं तरी."

मामा म्हणाला, "व्हय बाई."

शनिवारी सकाळी साडेसहाच्या गाडीनं बाई नगरहून निघाल्या. राहुरी गेलं, शिर्डी गेलं, खिडकीबाहेर सगळीकडं ऊस आणि धुकं. कोपरगाव स्टँडवर उतरल्यावर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास नाकात शिरला. तिथून एका रिकाम्या टेम्पोनं त्यांना फडापर्यंत सोडलं. नदीच्या अंगाला कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, एका रांगेत उभ्या होत्या. माणसं तोडीवर गेलेली. एका कोपीच्या तोंडाशी राजेश्वरी बसली होती, अंगावर गोधडी, डावा हात मांडीवर फडक्यात बांधलेला. शेजारी तिची आई चांगुणा.

बाईंना बघून पोरगी दचकली नाही. जरा ओशाळून हसली, तास बुडवलेला सापडल्यासारखी.

"हात दाखव," बाई म्हणाल्या.

चांगुणानं फडकं सोडलं. हळद आणि टूथपेस्टच्या लेपाखाली तळवा सुजला होता. त्याच्या मधोमध, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या कडेपर्यंत, एक सरळ आडवा पट्टा. बोटाएवढा रुंद. कडा अगदी नेमक्या, पट्टीनं आखल्यासारख्या. बोटांच्या आतल्या बाजूला, मूठ मिटल्यावर जिथं टेकतील तिथंही, तसेच आडवे पट्टे.

"चुलीनं असं भाजतं?" बाईंनी विचारलं.

"चुलीपाशी न्हवतीच बाई ती," चांगुणा खाली बघत म्हणाली. "मोळी बांधत हुती, माझ्या समूर. एकदम मूठ आवळली आन् वरडाय लागली. मूठ उघडंना. दोन बाप्यांनी वढली तरी उघडंना. मुकादमाला काय सांगावं मंग? म्हनलं, चूल."

 बाई पोरीजवळ बसल्या.

राजेश्वरी त्यांच्याकडं बघत होती. "बाई, रोज अकराला कोन तरी माझ्या मुठीत दांडी देतंय. गार. आपल्या साळंतल्यावानी. आदी भ्या वाटलं. मंग म्हनलं, बाई हजेरी घेत असतील. म्हनून मी दोनदा दाबायची."

बाईंनी तिच्या खांद्यावरची गोधडी सारखी केली.

"परवा मी लई डाव दाबलं बाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती आवाजात. फक्त विचारत होती. "तुमाला दिसलं न्हाई का?"

दूर फडात कोयत्यांचा एकसारखा आवाज चालला होता. कोपीच्या पाचटावर दव वाळत होतं. बाईंनी तिचा उजवा हात हातात घेतला आणि सांगायला तोंड उघडलं की आता संपलं, दांडी खणात आहे, आता कुणी देणार नाही.

तेवढ्यात राजेश्वरीचा डावा हात मिटला.

सुजलेली बोटं एकेक करून आत वळली. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"आली," ती म्हणाली. "बाई, तुमी तर हितं हायसा. मंग तिकडं कोन हाय?"

बाईंनी फोन काढला. अकरा वाजून दोन मिनिटं. सूर्यभान सरांचा फोन बंद. मामाचा वाजत राहिला, चौथ्या घंटीला उचलला. मागं माइकची खरखर, टाळ्या, खुर्च्या सरकल्याचा आवाज.

"मामा, दांडी कुठं आहे?"

"बाई, सोमवारच्या कार्यक्रमाचं पावनं आजच आलं की. सर म्हनलं, पेटी काढ. मी काय करनार?"

"दांडी कशात आहे?"

"चुन्याचा प्रयोग चाललाय." कळीचा चुना आणि पाणी. जाळ न लावता पाणी उकळवणारा प्रयोग, पाहुण्यांसाठी दरसालचा. "पन आकडा चढंना बाई. पानी तर रटरट उकळतंय. सर म्हनत्यात, आनखी टाक."

"कुणाच्या नावावर चालू आहे?"

मागून सूर्यभान सरांचा आवाज आला. टाक, टाक, भरपूर टाक.

"मामा, कुणाचं नाव आहे पडद्यावर?"

"इचारलं त्यानं, पुढं चालू ठिवायचं का. सरांनी व्हय दाबलं." मामाचा आवाज खाली आला. "राजेश्वरीचं."

पोरीनं डोळे मिटले होते. मुठीतून वाफ निघत नव्हती, काहीच दिसत नव्हतं. नुसती मूठ, आणि तिच्या कडेची कातडी बदलत चाललेली.

"वायर काढा. आत्ता. मामा, वायर ओढा."

फोनमध्ये टाळ्या.

चांगुणा दोन्ही हातांनी मूठ उघडायला बघत होती.

"मामा."

"काढली बाई," मामा म्हणाला. "वायर काढली."

आणि इथं सांगायला हवं, मंडळी, की गहिनीनाथ मामा होता म्हणून पोर वाचली. दुसरा कुणी असता तर पाहुण्यांच्या तोंडाकडं बघत बसला असता. मामानं मुख्याध्यापकाला बाजूला सारलं, पाहुण्यांना बाजूला सारलं आणि एका हिसक्यात वायर उपटली. तिकडं त्याच क्षणी पोरीची मूठ फुलासारखी उघडली. मग मामानं स्वतःच्या बोटानं थांबवा हे बटण दाबलं. नोंद बंद झाली. पोरीचा हात महिन्याभरात बरा झाला, चैतात ती परत आली, दहावीला चांगल्या मार्कांनी निघाली. बाईंनी नोकरी सोडली, त्या भिंगारला शिकवण्या घेतात, फक्त गणिताच्या. मामा मानानं रिटायर झाला. पेटी संस्थेनं परत नेली आणि तिकडं आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका शाळेला दिली. तिथली पोरंही म्हणे रेघ बघून लाजतात. झालं. अशी ही...

"मामा, वायर तुमी काढलीच न्हवती."

बाकाच्या टोकावरून आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. चहाचा कप तोंडाशी नेलेला एक जण तसाच थांबला.

गोष्ट सांगता सांगता गहिनीनाथ मामा थांबला. इतका वेळ तो हातवारे करत होता, ते हात गुडघ्यांवर खाली आले.

"तुमी फोनवर काढली म्हनलात," ओढणी लपेटलेली मुलगी म्हणाली. "त्याच्या मागारी आनखी दोन डाव चुना पडला. मला कळला की. तुमच्याच हातानं पडला."

मामा रस्त्याकडं बघत राहिला.

"आन् नोंद बंद केलेली न्हाई. काल अकोल्याच्या पोरांनी दांडी बर्फात घातली हुती."

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. माणसं उठली नाहीत. मुलीनं डाव्या अंगावरची ओढणी मांडीवर सारखी केली. मनगटापुढं ती सपाट होती, खाली काहीच नव्हतं.

"हात त्याच साली काढला," ती म्हणाली. "तरीबी येतीच."

शाळेत अकराची घंटा झाली. मामाची नजर ओढणीवर होती. मनगटापुढं जिथं कापड नुसतं मांडीवर पडलं होतं, तिथं ते हळूच आवळलं गेलं. सुटलं. आणि पुन्हा एकदा आवळलं गेलं.